ई-सिमचा आठ महिन्यांचा अनुभव: दहा दिवसांत एका दिवसाचा क्षय

प्रवासी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता इंटरनेटवरून फोनमध्ये उतरवून घ्यायचे परदेशातले सिम, कसे चालते आणि कसे बसवावे यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे ते मी पुन्हा सांगत नाही. गेल्या आठ महिन्यांत म्युनिक आणि दुबई अशा दोन प्रवासांत मी एकाच कंपनीचे ई-सिम वापरले. माझी बहुतेक तक्रार, आणि पुढे थोडेसे समाधानही, ‘दिवस’ या एकाच शब्दाशी निगडित आहे.

जूनमध्ये मुलीकडे म्युनिकला जायचे ठरले, तेव्हा मुलुंड स्टेशनबाहेरच्या मोबाइलवाल्याने ‘काका, रोमिंग पॅक मारून टाका, कटकट नको’ असा सल्ला दिला होता. त्या पॅकची किंमत तीन हजारांना थोडी कमी होती, तर ई-सिमचा ‘रोज 1 जीबी, 10 दिवस’ हा युरोपचा पॅक 1,450 रुपयांना मिळत होता. पत्नीचा फोन जुना असून त्यात ई-सिम बसत नाही, म्हणून तिच्यासाठी मोबाइलवाल्याचे ऐकले आणि माझ्यापुरती काटकसर केली. जर्मनीत उतरून तिथले प्रीपेड सिम घेण्याचा विचारही मनात आला होता. परंतु 1 जुलै 2017 पासून तिथे प्रीपेड सिमसाठीही ओळखपत्राची पडताळणी सक्तीची आहे, आणि दहा दिवसांसाठी त्या सोपस्कारात पडण्याची माझी तयारी नव्हती.

5 जूनच्या रात्री साडेदहाला आम्ही म्युनिकला उतरलो आणि ई-सिम लगेच सुरू झाले. पुढचे नऊ दिवस त्याने एकदाही त्रास दिला नाही. एक दिवस साल्झबुर्गला जाऊन आलो, तेव्हा जर्मनीची हद्द ओलांडून ऑस्ट्रियात गेल्याचे फोनच्या पडद्यावरच्या बदललेल्या नावावरून तेवढे कळले. मुलीचे जर्मन सिमही तिथे जादा पैसे न लागता चालले, कारण युरोपीय संघात 15 जून 2017 पासून रोमिंगचा वेगळा आकार लावता येत नाही. स्वित्झर्लंड मात्र संघात नसल्याने या नियमात येत नाही, तेव्हा तिकडे वळणाऱ्यांनी पॅकमधली देशांची यादी आधी पाहावी.

15 जूनला सकाळी परतायचे होते. मुलगी कार्यालयाच्या कामासाठी आदल्या संध्याकाळीच हांबुर्गला गेली होती आणि मोझाख स्थानकावरून एस 1 ही गाडी थेट विमानतळाला जाते, एवढे तिने सांगून ठेवले होते. जे सांगायचे राहिले ते तिने सकाळी सात वाजता संदेशातून पाठवले: ही गाडी नॉयफार्नला तुटते, काही डबे विमानतळाला जातात आणि उरलेले फ्रायझिंगला, म्हणून डब्यावरची पाटी वाचून बसा. हा संदेश मला मिळाला तो विमानतळाच्या वायफायवर, कारण माझा पॅक रात्री दोन वाजताच संपला होता. लोकलमध्ये चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला अर्धी गाडी एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे जाते ही कल्पनाच नवी होती. आमच्या बॅगांकडे पाहून समोरच्या विद्यार्थ्याने विचारपूस केली म्हणून बरे, नाहीतर आम्ही निवांतपणे फ्रायझिंगला पोहोचलो असतो. नॉयफार्नच्या फलाटावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा ओढत आम्ही डबा बदलला. पत्नीच्या फोनवर इंटरनेट व्यवस्थित चालू होते, पण तो फोन बॅगेच्या तळाशी होता. तो विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

दहा दिवसांचा पॅक रात्री दोनला कसा संपतो, याचा उलगडा अटींच्या बारीक अक्षरांत झाला. रोज ठरावीक डेटा देणाऱ्या या पॅकचा दिवस ना मुंबईच्या घड्याळाने चालतो, ना म्युनिकच्या. तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने चालतो. त्या वेळेनुसार मध्यरात्र होते तेव्हा उन्हाळ्यातल्या म्युनिकमध्ये पहाटेचे दोन आणि मुंबईत साडेपाच वाजलेले असतात. मी साडेदहाला उतरलो, म्हणजे माझा पहिला ‘दिवस’ साडेतीन तासांचा होता, आणि त्यातला बराचसा वेळ सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहण्यात गेला. आपल्या पंचांगात ज्या तिथीला सूर्योदय लाभत नाही तिचा क्षय होतो; इथेही तसाच प्रकार झाला, फरक इतकाच की पंचांगकर्ते क्षयतिथी आधी छापून ठेवतात.

घरी पोहोचल्यावर मी तक्रार केली. आधी एका यंत्राने मला फोन बंद करून पुन्हा सुरू करण्यास सांगितले, आणि असे अकरा संदेश झाल्यावर माणूस भेटला. माझी मागणी काटेकोर होती: दिवसाला 145 रुपये या दराने न मिळालेल्या साडेवीस तासांचे 123 रुपये 85 पैसे परत करावेत. समोरच्या माणसाने शांतपणे विचारले की तारखा मोजल्या तर 5 ते 14 जून हे दहा दिवस होतात की नाही. होतात, हे मला मान्य करावे लागले. त्या हिशेबाने तर पॅक दोन तास आधीच, रात्री बाराला संपला असता. तरीही चोवीस तासांचा अर्थ मनात धरून पैसे देणाऱ्याला हे खरेदीच्या पानावर ठळकपणे सांगायला हवे, यावर मी अडून राहिलो. शेवटी त्यांनी पूर्ण दिवसाचे 145 रुपये परत केले, पण रोख नव्हे, तर त्यांच्याच ॲपमधल्या खात्यावर. पत्नीच्या महागड्या रोमिंग पॅकचा दिवस मात्र सुरू झालेल्या मिनिटापासून चोवीस तास मोजत होता, हे तिने मला दोनदा सांगितले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद आणि ई-सिमचे चालू ठेवावे लागते, कारण ते ई-सिम स्वतःच दुसऱ्या देशातल्या कंपनीचे असते आणि सगळीकडे रोमिंगवरच चालते. बँकेचे ओटीपी भारतीय सिमवर विनामूल्य येत राहिले. भारतीय सिमवर येणाऱ्या फोनला मात्र पैसे पडतात, आणि माझ्याकडून एकच फोन उचलला गेला, तो विमा विकणाऱ्या मुलीचा होता.

दिवाळीत पत्नीच्या भावाकडे दुबईला गेलो, तेव्हा रागाच्या भरात दुसरीच कंपनी घेणार होतो. परंतु याच कंपनीचा ‘एकूण 3 जीबी, 30 दिवस’ असा, रोजची विभागणी नसलेला पॅक स्वस्त निघाला, आणि त्याचे तास सुरू झालेल्या क्षणापासून मोजले जातात असे अटींत स्पष्ट लिहिले होते. सहा दिवसांत निम्माही डेटा संपला नाही. त्याहून मोठे आश्चर्य पाडव्याच्या सकाळी घडले. आईला व्हॉट्सॲपवरून फोन लावत होतो आणि मेहुण्याच्या वायफायवर तो काही केल्या लागत नव्हता, कारण अमिरातीत इंटरनेटवरून होणाऱ्या फोनवर निर्बंध आहेत. वायफाय बंद होऊन ई-सिम जोडले गेले आणि आईचा आवाज पहिल्याच घंटेला आला. रोमिंगमधला डेटा बहुधा मूळ कंपनीच्या देशातून फिरून बाहेर पडतो, त्यामुळे स्थानिक जाळ्याची अडवणूक त्याला लागली नसावी. याच वळशामुळे म्युनिकमध्ये मला कधीकधी पोलिश भाषेतली पाने दिसत असत आणि बँकेचे ॲप माझ्याकडे संशयाने पाहत असे; तेव्हा मी तो दोष म्हणून टिपून ठेवला होता, आता ती नोंद खोडली आहे.

येत्या मे महिन्यात पुन्हा म्युनिकला जायचे आहे आणि ई-सिम हेच घेणार आहे, फक्त रोजच्या डेटाचा पॅक घेणार नाही. परत मिळालेले 145 रुपये अजून खात्यावर आहेत. त्यांची मुदत 365 दिवस आहे, आणि हे दिवस कोणत्या घड्याळाने मोजायचे, असे मी त्यांना लेखी विचारले आहे. यंत्राने मला फोन बंद करून पुन्हा सुरू करण्यास सांगितले आहे.