प्रशिक्षणार्थी व्हावं की रोजगार हमीवर मेट?

गाव सोडायचं नाही आणि नोकरी लागेपर्यंत रिकामंही बसायचं नाही, अशांसाठी हे लिहितोय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत कार्यालयात प्रशिक्षणार्थी आणि रोजगार हमीच्या कामावर मेट, म्हणजे मजुरांची हजेरी आणि काम बघणारा, ही दोन्ही कामं मी केली आहेत. आधी प्रशिक्षण, मग मेट.

पैशात प्रशिक्षण वरचढ आहे, यात वाद नाही. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. शिवाय सावलीतलं काम. 'ऑफिसात असतो' असं पाहुण्यांना सांगता येतं, आणि लग्नाच्या वयात त्याला किंमत असते. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे अकरा झाली. नंतर प्रमाणपत्र आणि रामराम. रोहयोत मनरेगाच्या मजुरीचा २०२५-२६ मधला राज्यातला दर दिवसाला ३१२ रुपये होता, आणि एक मस्टर (हजेरीपत्रक) संपलं की दुसरं निघेपर्यंत घरीच बसायचं.

शिकण्याचं म्हणाल तर कार्यालयात माझ्या वाट्याला आवक-जावक आणि झेरॉक्स आलं. दुसऱ्या कुणाला चांगलं टेबल मिळालंही असेल. मेट असताना तांत्रिक सहायकाने मला ए-फ्रेम धरायला शिकवलं. तीन काठ्यांची चौकट, वरून दोरीला टांगलेला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेला लागली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चुन्याची फक्की टाकायची, चौकट फिरवायची, पुढची खूण. उतारावरचे समतल चर असे आखतात. आखणी चुकली की पावसात पाणी एका टोकाला धावतं आणि चर तिथेच फुटतो. मोजमापही तिथेच कळलं. मजुरी खोदलेल्या मापावर निघते, त्यामुळे मुरूम असला तर दिवसाचा पूर्ण रोज पडतो, खडक लागला की पडत नाही, आणि मजूर पहिल्यांदा मेटलाच धरतात.

माझा निर्णय झाला तो मात्र हजेरीवरून. प्रशिक्षणात हजेरी कार्यालयाने पोर्टलवर भरायची. आमचे बाबू रजेवर गेले, हजेरी राहिली, विद्यावेतन अडकलं. विचारलं तर 'वरून येईल'. वरून म्हणजे कुठून, ते कुणी सांगेना, आणि माझ्या हातात कागदाचा चिटोरा नाही.

रोहयोतही पैसे रखडतात. हजेरीच्या ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो टाकायचे, रेंज नसली की टेकाड चढायचं. तो ताप वेगळाच. पण १९७७ च्या राज्याच्या कायद्यापासून इथे काम मागणं हा हक्क आहे. नमुना ४, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, भरला की तारखेची पावती मिळते, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो. पावती द्यायला टाळाटाळ होते, तरी मागून घ्यावी. ती दाखवली की तहसीलमध्ये बोलण्याचा सूर बदलतो, निदान माझ्याशी तरी बदलला.

हे सगळं मनरेगाच्या काळातलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून वर्षाला हमीच्या कामाचे शंभराचे १२५ दिवस केले, त्यामुळे सध्याचे नियम रोजगार सेवकाकडून समजून घ्या.

जवळपास चांगलं वर्कशॉप प्रशिक्षणार्थी घेत असेल, तर खुशाल तिकडे जा. नुसतं टेबलाचं काम मिळत असेल, तर रुजू होण्याआधी हजेरी कोण भरतं आणि ते रजेवर गेले तर कोण, एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर नमुना ४ ग्रामपंचायतीत मिळतो.