हादरे नेमके मोजले, शिट्टी मात्र सरासरीत हरवली

कोल्हापूर–मिरज लोहमार्गालगत, मार्केट यार्डच्या बाजूला आमची गृहनिर्माण संस्था आहे. भिंतींना गेलेले तडे रेल्वेच्या हादऱ्यांमुळेच आहेत, असे बहुतेक सभासदांचे ठाम मत असल्याने आवाज आणि जमिनीची कंपने मोजण्याचे काम एका खाजगी सल्लागार कंपनीला दिले होते. तिच्या सेवेबद्दलचा हा अभिप्राय.

प्रत्यक्ष मोजणी उत्तम झाली. तंत्रज्ञ जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपने टिपणारे यंत्र, मांडण्याआधी तळमजल्यावरील फरशा बोटाच्या पेराने वाजवून पाहत होता. एक पोकळ वाजताच, "काका, इथं नको, फरशीच नाचंल," असे म्हणून त्याने यंत्र पायाजवळच्या काँक्रीटवर हलवले. दुसरा जिओफोन वरच्या मजल्यावर खोलीच्या मधोमध ठेवला, कारण स्लॅब कडेपेक्षा मध्यभागी अधिक हलतो.

पायाजवळ कंपनाचा सर्वोच्च वेग सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहिला. निवासी इमारतींसाठी डीआयएन 4150 या जर्मन मानकातील सर्वांत कडक मर्यादाही सेकंदाला 5 मिलिमीटर आहे; त्यामुळे तड्यांचे खापर रेल्वेवर फोडता येत नाही. (पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी पायाखालची काळी माती मला अधिक संशयास्पद वाटते.) मात्र सेकंदाला 0.3 मिलिमीटरच्या आसपासचे कंपनही घरात बसलेल्या माणसाला जाणवू शकते, म्हणजे रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती, हे अहवालात नीट समजावले आहे.

आवाजाचे प्रकरण मात्र उरकल्यासारखे वाटले. रात्री दहा ते सकाळी सहा या काळाची एकच सरासरी देऊन ती 45 डेसिबलच्या निवासी मर्यादेशी ताडून पाहिली आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा सरासरीचीच आहे, हे मान्य. पण काही सेकंदांची शिट्टी आठ तासांच्या सरासरीत विरून जाते आणि झोप तर तीच मोडते. प्रत्येक गाडीच्या आवाजाची कमाल पातळी यंत्रात नोंदलेली असूनही, ती मागितल्यावर वेगळे शुल्क सांगण्यात आले. शिवाय ध्वनिमापक गॅलरीत भिंतीलगत होता. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजामुळे आकडा सुमारे 3 डेसिबलपर्यंत वाढू शकतो, याचा साधा उल्लेखही अहवालात नाही.

हादऱ्यांच्या मोजणीसाठी ही कंपनी मी निःशंकपणे सुचवेन. आवाजाचे काम देताना मात्र ध्वनिमापकाची जागा आणि प्रत्येक गाडीची स्वतंत्र नोंद या दोन्ही बाबी दरपत्रकातच लिहून घ्याव्यात.