कोलकात्याचा अंतिम सामना, वाशीच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवरून

मुंबई सिटी एफसी या फुटबॉल संघाचा खेळ मी १८ ऑक्टोबर २०१४ पासून पाहते आहे. त्या संध्याकाळी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर संघाचा पहिला घरचा सामना झाला, पुणे सिटीला आपण ५-० असे धुतले आणि त्यांतले तीन गोल एकट्या आंद्रे मोरित्झने केले. तेव्हा मैदान घरापासून इतके जवळ होते की मध्यंतरात जाऊन दूध तापवून परत येता आले असते. दोन हंगामांनंतर संघाने अंधेरीत बस्तान हलवले, आणि तेव्हापासून माझा मार्ग हार्बरने कुर्ला, तिथून घाटकोपर आणि मेट्रोने आझाद नगर असा झाला. त्यामुळे पुढील अभिप्राय तटस्थ माणसाचा आहे असा कोणी समज करून घेऊ नये. मात्र इतकी वर्षे तिकिटांवर पदरचे पैसे घातल्यावर हिशेब मागण्याचा थोडाफार हक्क येतोच, आणि इथे हिशेब मांडायचा आहे तो ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागान सुपर जायंटविरुद्ध झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्याचा.

कोलकात्याला जाणे जमले नाही. भाच्याला घेऊन मी वाशीच्या एका उपाहारगृहात गेले, कारण तिथे मोठ्या पडद्यावर सामने दाखवतात अशी ख्याती होती. ख्याती खरी निघाली. फक्त मोठ्या पडद्यावर आयपीएलचा बंगळूरु आणि गुजरात यांचा सामना चालू होता आणि आमचा अंतिम सामना हात धुण्याच्या बेसिनशेजारच्या छोट्या टीव्हीवर, तोही मुका. ‘‘मॅडम, आवाज क्रिकेटचाच राहील,’’ असे वाढप्याने पाणी ठेवता ठेवता सांगून टाकले. एका अर्थी ते बरेच झाले. समालोचकाचा आवाज बंद असला की चेंडूमागे धावणारी नजर हळूहळू चेंडू नसलेल्या खेळाडूंकडे वळते, आणि मुंबईचा त्या दिवशीचा खेळ समजून घ्यायला तेच आवश्यक होते.

कारण पूर्वार्धात धावफलक एक सांगत होता आणि मैदान दुसरेच. साठ हजारांहून अधिक प्रेक्षक मोहन बागानच्या बाजूने, समोर साखळी फेरीत पहिला येऊन नुकतीच लीग शील्ड जिंकलेला संघ, आणि तरीही चेंडू बहुतेक वेळ आपल्याकडे, तोही त्यांच्या अर्ध्यात. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक हबास यांचे संघ प्रतिस्पर्ध्याला चेंडू देऊन मागे दाट उभे राहतात आणि चूक होण्याची वाट पाहतात, हे जुनेच आहे. अशा संघापुढे मुंबईची जुनी खोड अशी की, चेंडू डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवत राहायचा, आणि पाहणाऱ्याला झोप येऊ लागली की मधेच तो घालवून बसायचे. या सामन्यात ते झाले नाही. चेंडू उजवीकडे छांगतेकडे पोहोचला की त्याच्या पुढे किंवा मागे कोणीतरी आधीच धावायला निघालेला असे, त्यामुळे बचावपटूला छांगतेवर झडप घालावी की त्या धावणाऱ्यामागे जावे हे ठरवायला क्षणभर लागे. त्या क्षणाचे मोल छांगतेला चांगलेच ठाऊक आहे. त्याचे दोन फटके गोलच्या चौकटीला लागून परत आले. दुसऱ्या वेळी मी इतक्या जोरात ओरडले की क्रिकेट पाहणाऱ्यांनी मान वळवून आपल्या पडद्यावर कोणी बाद झाले का ते तपासले.

आणि मग ४४व्या मिनिटाला, मध्यंतर तोंडावर आलेले असताना, गोल झाला तो आपल्यावर. लांबून आलेला फटका आपला गोलरक्षक फुर्बा लाचेनपाला पकडता आला नाही, चेंडू त्याच्या हातून सुटून पुढे आला आणि जेसन कमिंग्जने तो आत ढकलला. लाचेनपा मला आवडतो. हंगामभर त्याने संघाला अनेकदा तारले आहे. पण हा फटका एक तर कवेत घेण्याचा होता, नाहीतर बाजूला ढकलण्याचा. समोर सोडण्याचा नक्कीच नव्हता. अंतिम सामन्यातल्या एवढ्या चुकीला ‘दुर्दैव’ म्हणून पांघरूण घालणे मला पटत नाही.

मध्यंतरात आमच्या टेबलावर शांतता होती. भाचा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला माझी नस माहीत आहे. ‘‘आत्या, आज पण ऐरोली का?’’ त्याने विचारले.

ऐरोलीचा संदर्भ सांगायला हवा. दहाच दिवस आधी, २४ एप्रिलला, गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवाविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. ठाण्याहून उशिरा सुटून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मी तो फोनवर पाहत होते. गोवा २-० ने पुढे, नव्वदावे मिनिट जवळ आलेले. ऐरोली आले तेव्हा मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसले. नेरूळला उतरले तर भाच्याचे अकरा मिस्ड कॉल. ९०व्या मिनिटाला छांगते, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंग, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते, असे तीन गोल करून संघाने सामना ३-२ असा जिंकला होता. मी त्यांतला एकही पाहिला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात धीर सोडण्याला ‘ऐरोली करणे’ म्हणतात, आणि भाजी करपण्याआधीच गॅस बंद केला तरी तोच शब्द ऐकावा लागतो.

तर त्या दिवशी ऐरोली करायचे नाही असे ठरवून मी आणखी एक चहा मागवला. उत्तरार्धात संघाने काय बदलले, तर माझ्या मते काहीच नाही, आणि माझ्या लेखी या सामन्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. १५ एप्रिलला याच मैदानावर, याच प्रतिस्पर्ध्यासमोर, लीग शील्डसाठी आपल्याला केवळ बरोबरी पुरेशी होती. त्या दिवशी संघ बरोबरी सांभाळायला उतरल्यासारखा खेळला, त्यांच्या लिस्टन कोलासोच्या गोलनंतर त्याची घडी विस्कटली, कमिंग्जने दुसरा गोल केला, छांगतेचा गोल आला तेव्हा ८९वे मिनिट चालू होते, आणि ४७ गुणांवर थांबून आपण ४८ गुणांच्या मोहन बागानला शील्ड उचलताना पाहिले. एका गोलने मागे पडल्यावर घाबरून लांब चेंडू मारत सुटायचे आणि मग त्याच उधळलेल्या चेंडूंवर प्रतिहल्ला ओढवून घ्यायचा, ही त्या दिवशीची चूक तीन आठवड्यांत कोणीतरी नीट बसून दुरुस्त केली असली पाहिजे. ते श्रेय मी प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांना देते. आधीचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले, डिसेंबरमध्ये क्रात्की आले, लगेच जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा खेळाडू संघ सोडून गेला, आणि अशा अर्ध्या मोडलेल्या घरात पाऊल ठेवलेल्या माणसाने मे महिन्यात ही शांतता मैदानावर आणली.

५३व्या मिनिटाचा बरोबरीचा गोल मी नंतर मोजून सात वेळा पाहिला. आल्बेर्तो नोगेराकडे चेंडू आला तेव्हा मोहन बागानची बचावफळी फार मागे नव्हती, आणि तिच्या पाठीमागे गोलरक्षकापर्यंत रिकामे गवत होते. नोगेराने मान वर केली आणि चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून अलगद त्या गवतावर ठेवला. होर्हे परेरा दियाझ त्याआधीच निघाला होता. पुढचे सगळे सोपे वाटते, पण मागून खांद्यावरून येणारा चेंडू धावतानाच ताब्यात घ्यायचा आणि त्यांचा गोलरक्षक विशाल कैथ पुढे येत असताना त्याच्या बाजूने तो आत घालायचा, यात पाऊल वीतभर चुकले असते तरी सामना तिथेच राहिला असता. मुक्या टीव्हीवर तो गोल अगदी घरगुती दिसला. जणू कोणी पलीकडच्या गच्चीवर किल्ली टाकली आणि दुसऱ्याने ती झेलली. वाशीत टाळ्या वाजवणारे आम्ही दोघेच होतो. त्यानंतर वाढपी येऊन टीव्हीखाली उभा राहिला आणि ‘‘आपली मुंबई आहे का ही?’’ असे विचारून आमच्या बाजूचा झाला.

त्यानंतरची पंचवीसेक मिनिटे मुंबईचा सर्वांत चांगला खेळ झाला, जरी क्षणचित्रांत त्यातले फारसे काही दाखवत नाहीत. चेंडू गेला की तो चार-पाच सेकंदांत परत मिळवण्यासाठी जवळचे तिघे एकदम तुटून पडत. आपले बचावपटू राहुल भेके आणि तिरी मध्यरेषेच्या इतके जवळ उभे होते की पूर्वीच्या मुंबई सिटीला ओळखणाऱ्या माणसाच्या छातीत धस्स व्हावे. भेके आपल्या मुंबईचाच. २०१९ चा अंतिम सामना त्याने बेंगळुरू एफसीसाठी ज्या हेडरने जिंकून दिला, तो अंधेरीच्याच मैदानावर, आणि या वेळी करंडक उचलणारा कर्णधारही तोच. तिरीची गोष्ट अधिक विचित्र. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात तो एटीके मोहन बागानकडून (मोहन बागानचे तेव्हाचे नाव) खेळत होता आणि त्याच्याच स्वयंगोलाने आपल्याला बरोबरी मिळाली होती. तीन वर्षांनी तोच माणूस आपल्या निळ्या पोशाखात त्यांचे हल्ले थोपवत होता. नशीब असे परतफेडीचे हप्ते क्वचितच बांधून देते.

२०२१ चा विषय निघालाच आहे तर बिपिन सिंग. त्या सामन्यात ९०व्या मिनिटाला विजयी गोल त्याचा होता. या हंगामात मात्र डाव्या बगलेवर विक्रम प्रतापने जम बसवला आणि बिपिनच्या वाट्याला बरेचदा राखीव खेळाडूंचा बाक आला. अंतिम सामन्यातही तो बदली खेळाडू म्हणूनच उतरला. ८१व्या मिनिटाला, त्याच्यासारखाच बाकावरून आलेल्या याकुब वोयतुशने चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवला, आणि बिपिनचा पहिला फटका नीट बसलाच नाही. पाय आणि चेंडू यांची चुकामूक झाली. गल्लीत खेळताना असे झाले की आपण हसतो. इथे सगळे स्टेडियम आणि वाशीतले आम्ही तिघे श्वास रोखून होतो. बचावपटूंना वाटले संधी गेली. बिपिनला तसे वाटले नाही, आणि दुसऱ्या प्रयत्नात चेंडू आत गेला. हा गोल सुंदर नव्हता. पण मोहन बागानविरुद्धच्या दोन अंतिम सामन्यांत दोन विजयी गोल करणाऱ्या माणसाकडून सौंदर्याची अपेक्षा ठेवणे हा कृतघ्नपणा ठरेल.

उणिवाही सांगायला हव्यात. पूर्वार्धात एवढे वर्चस्व असून एकही गोल न होणे हे केवळ चौकटीच्या माथी मारता येत नाही. गोलसमोर पास देण्याचा एक अतिरिक्त मोह या संघाला नडतो, आणि त्याची किंमत शील्डमध्ये मोजून झाली आहे. आघाडी घेतल्यानंतरची पाच-सात मिनिटे संघ नको तितका मागे सरकला आणि मोहन बागानचे उंच चेंडू पुन्हा पुन्हा आपल्या गोलसमोर येऊ लागले. तिथे समोरच्यांचा नेम थोडा बरा असता तर हा मजकूर वेगळ्या सुरात लिहावा लागला असता. भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला वोयतुशने तिसरा गोल करेपर्यंत मी बसलेली नव्हते. ३-१ हा आकडा, सामना न पाहिलेल्याला वाटेल, तितका आरामाचा नव्हता.

तुलना करायचीच तर २०२१ चा संघ अधिक गुणी होता, लीग शील्ड आणि करंडक दोन्ही त्याने एकाच हंगामात जिंकले, परंतु तो अंतिम सामना रिकाम्या स्टेडियमवर झाला होता. हा विजय प्रतिस्पर्ध्याच्या घरात, त्यांच्या साठ हजारांसमोर, एका गोलने मागे असताना आणि त्याच मैदानावरची तीन आठवड्यांपूर्वीची जखम ओली असताना मिळालेला आहे. मला हा वरचा वाटतो. उपांत्य फेरीचा दुसरा सामना, २९ एप्रिलचा, मी अंधेरीत जाऊन पाहिला होता. २-० असा सरळ विजय, ठीकच. त्या रात्री मी नेरूळला पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि नेहमीप्रमाणे स्टेशनवरून घरी जाताना डाव्या हाताला डी. वाय. पाटीलचे दिव्यांचे खांब अंधारात उभे दिसले. २०२३ च्या नोव्हेंबरात सौदी अरेबियाचा अल-हिलाल संघ तिथे खेळायला आला, तेव्हा पूर्वार्धभर आपण त्यांना एकही गोल करू दिला नव्हता आणि शेवटी २-० ने हरलो होतो. माझी या संघाविरुद्धची एकमेव कायमची तक्रार त्या खांबांची आहे, आणि ती संघाच्या खेळाशी संबंधित नसल्यामुळे इथे गुणांत धरलेली नाही.

बिल देताना वाढप्याने सांगितले की पुढच्या वेळी आधी फोन केला तर तो मोठ्या पडद्यासाठी मालकाशी बोलून पाहील. भाच्याने त्याचा नंबर घेतला आणि नाव टाकले, ‘वाशी बेसिन’.