प्लायच्या खोक्यातला ‘डबल मोटर’ कंप्रेसर

गाडीत कायमचा एअर कंप्रेसर बसवून देतो म्हणणाऱ्यांचं सध्या पीक आलंय. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) करणारे माझ्यासारखे वाढले, तशी ही मंडळीही वाढली. सांगलीकडच्या अशाच एका गॅरेजवाल्याने ४८ हजार घेऊन माझ्या तोंडाला पानं पुसली. तक्रार केलेली असल्याने त्याचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण हे करणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

‘पंपावर हवा फुकट मिळते की, मग हा खटाटोप कशाला?’ असं घरचेही विचारत होते. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीकडे गेलं की पंप कुठला आणि पंक्चरवाला कुठला! ट्यूबलेस टायरच्या भोकात गुंडी (पंक्चरची रबरी पट्टी) मारणं आपल्या हातात असतं, पण एवढा मोठा टायर लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या पंपाने भरायचा म्हणजे त्या पंपाचा जीव जातो. म्हणून बॅटरीवर थेट चालणारा कंप्रेसर आणि सोबत हवेची टाकी, असा बेत होता.

गॅरेजवाल्याने काउंटरवर दणदणीत डबल मोटरचा कंप्रेसर ठेवला. मिनिटाला १५० लिटर हवा, १० लिटरची टाकी, ‘ड्यूटी सायकल १०० टक्के’ म्हणजे न थांबता चालणार. “साहेब, डोळं झाकून घेऊन जावा. दहा वर्सं बघायला लागणार न्हाई.” बघायला लागणार नाही म्हणाला ते खरंच होतं, कारण बघायची सोयच त्याने ठेवली नव्हती. गाडी परत मिळाली तेव्हा पलंगाखाली कंप्रेसरवर प्लायचं खोकं होतं, चारी बाजूंनी रिव्हेट मारलेलं. वर स्टिकर : ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’. धूळ जाऊ नये म्हणून केलंय, असं सांगितलं. बिलावर एकच ओळ, ‘कंप्रेसर फिटिंग, १ जॉब’. मॉडेल विचारलं तर म्हणाला, वॉरंटी कार्ड कंपनीकडून येतंय, त्यावर असेल. ते कार्ड अजून वाटेतच आहे.

बामणोलीच्या अलीकडे मागचा टायर बसला. गुंडी मारून हवा भरायला घेतली, तर थोड्याच वेळात मशीन आपोआप बंद. थंड झालं की सुरू, परत बंद. खोक्यातून प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला. त्या दिवशी हातपंपानेच टायर भरला.

साताऱ्यात ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन मामांकडे गाडी नेली. त्यांनी खोक्याला हात न लावता आधी बॅटरीच्या वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला. हा मीटर डीसी म्हणजे बॅटरीचा करंट मोजणारा लागतो, घरगुती लाइनचा साधा क्लॅम्प इथे शून्यच दाखवतो. आकडा आला १४ अँपिअर. मामा हसले. “डबल मोटर भाराखाली चाळीस-पन्नास ओढती. ही चौदा खाती, मग दीडशे लिटर हवा कुठनं दील?” वीजच जात नाही तर हवा येणार कुठून, एवढा साधा हिशेब आहे.

मग टाकी रिकामी करून घड्याळ लावलं. १० लिटरच्या टाकीत १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाब करायला बाहेरची साधारण ७० लिटर हवा लागते. मिनिटाला १५० लिटरचा दावा खरा असेल तर दाब वाढल्यावर वेग घटतो हे धरूनही मिनिटभरात काम व्हायला हवं. आमचा काटा दोन मिनिटं उलटून गेली तरी ८० च्या खालीच.

सगळ्या बाजूंनी फोटो काढून, व्हिडिओ चालू ठेवूनच रिव्हेट तोडल्या. वरून कीर्तन, आतून तमाशा! एका पिस्टनची स्वस्तातली मोटर, तीही हवा न खेळणाऱ्या खोक्यात कोंडलेली. अशा मोटरला थोडं चाललं की बराच वेळ थांबून थंड व्हावं लागतं. कंप्रेसरमधून बाहेर पडणारी हवा तापलेली असते, म्हणून टाकीपर्यंत धातूची जाळी असलेला होज लागतो. इथे साधा निळा पीयू (प्लास्टिकचा) पाइप होता, तोंडाशी मऊ होऊन फुगलेला. वास त्याचाच. दहा लिटरची म्हणून दिलेली टाकी सोडवून बिसलेरीच्या लिटरच्या बाटल्यांनी पाणी भरलं, तर सहा बाटल्यांत काठोकाठ.

इथवरचं सगळं पैशाचं नुकसान. पुढचं बघून मात्र घाम फुटला. टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे बूच मारलेलं होतं. दाब पुरेसा झाला की मोटर बंद करणारा प्रेशर स्विच अडकला असता तर वाढलेला दाब सोडायला वाटच नव्हती, आणि वर आम्ही झोपणार! पाणी काढायचा ड्रेन कॉकही नव्हता. आमच्याकडच्या पावसाळ्यात टाकीत पाणी साचून ती आतून गंजायला किती वेळ लागतो? वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर तांबूस रंग निघून पांढरी तार दिसली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. फ्यूज होता, पण कंप्रेसरजवळ. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याची जागा बॅटरीलगत. मधली सगळी वायर पलंगाच्या प्लायखालून उघडी गेलेली. कुठे घासून पत्र्याला लागली असती तर गाडीच पेटली असती.

कुणी असं काम करून घेत असेल तर खोकं बंद व्हायच्या आत समोर उभं राहून अँपिअर मोजून घ्या आणि मॉडेल बिलावर लिहून घ्या. ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडूच नका.

फसला असाल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यामुळे गॅरेज सांगलीकडे असलं तरी मी साताऱ्यात दाखल करू शकलो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षांची. काढलेलं सामान भंगारात देऊ नका. माझं सगळं पोत्यात बांधून ठेवलंय, पीयू पाइपच्या तुकड्यासकट.

परवा गॅरेजवाल्याचा निरोप आला : २० हजार परत देतो, तक्रार मागे घ्या. मी पूर्ण रक्कम आणि नव्या वायरिंगचा खर्च मागितलाय. तेव्हापासून तो फोन उचलत नाही.