रंगवलेले एअर प्लांट विकत घेऊ नका

जानेवारीत नेरूळला आमच्या सोसायटीजवळ झाडांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथून मी पाच एअर प्लांट, म्हणजे मातीशिवाय वाढणारी झाडं, आणले. दोन लाल, एक गुलाबी, एक जांभळा आणि एक शाईसारखा निळा. १,८०० रुपये दिले. सासूबाई बराच वेळ पलंगावरच असतात, त्यांच्या खिडकीत तारेवर टांगले. माती नाही, कुंडी नाही, त्यामुळे रोज सकाळी फवारा मारायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

विक्रेत्याने बजावलं होतं, "ताई, पाण्यात बुडवू नका, लगेच सडतात." आम्ही ते तंतोतंत पाळलं. मार्चपर्यंत पाचही चुरचुरीत झाले, पण रंग मात्र पहिल्या दिवसासारखाच. सासूबाई म्हणायला लागल्या, "माझ्याच हाताला गुण नाही गं." पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

शेवटी निळ्याचं एक पान नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्राच सुटून आला. खाली तपकिरी, मेलेलं पान. ही झाडं म्हणजे टिलँडसिया, अननसाच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडातली. पानांवर चंदेरी खवले असतात, त्यांतूनच ती पाणी पितात. स्प्रे पेंटने तेच बंद केले होते. आणि आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं पाण्यात बुडवून, उलटं धरून झटकून, वाऱ्यावर पूर्ण सुकवणं हीच त्यांची नेहमीची निगा. बुडवू नका असं विक्रेत्याने का सांगितलं असेल, हे आता कळतं: पाण्यात रंग सुटला असता.

खरा लाल रंग असतोच. आयोनांथा जातीची आतली पानं फुलोऱ्याच्या वेळी लाल होतात, मधून जांभळी फुलं येतात, आणि तो रंग पुढे ओसरतो. बुडापासून टोकापर्यंत एकसारखा झगझगीत रंग, पानांवर चंदेरी लव नाही, मधला नवा कोंब तेवढा हिरवा, असं दिसलं की हात मागे घ्या. घेण्याआधी नखाने थोडं खरवडून बघा. विक्रेता करू देत नसेल तर तिथून निघा.

आमच्या विक्रेत्याला फोन केला तर "जातच तशी आहे" म्हणाला, मग नंबर ब्लॉक. पावती मी मागितलीच नव्हती. यूपीआयच्या नोंदीवर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

तो निळा पापुद्रा सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. त्या कितीतरी वेळ तो बोटाने चुरत होत्या.