सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलांसाठी तीन आठवड्यांची सलग फिजिओथेरपी: सोलापुरातला आमचा अनुभव

जुळे सोलापुरातल्या लहान मुलांच्या एका फिजिओ सेंटरमध्ये आम्ही मुलासाठी तीन आठवड्यांचा सलग कोर्स केला. रविवार सोडून रोज दोन तास. ‘पैसे वसूल झाले का गं?’ असं कारखान्यातल्या बायका विचारतात. झाले. नुसते तास वाढवले म्हणून झाले असं मात्र मला वाटत नाही. तिथं काय शिकवायचं ते आमच्या घराकडं बघून ठरवलं, म्हणून झाले.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तिसाव्या आठवड्यात जन्मला, दोन्ही पायांत ताठरपणा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी, यात वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळं हालचालीवरचा ताबा बिघडतो. त्यातला हा स्पास्टिक डायप्लेजियाचा प्रकार. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा लक्षात आणून दिलं आणि पुढं पाठवलं. एरवी घरीदारी ‘मुलगे उशिराच चालतात’ हेच चालू होतं. बाळ नऊ महिने उलटून गेले तरी आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्ष झालं तरी चालत नसेल, तर कुणाचं ऐकत थांबू नका, दाखवून घ्या.

याआधी एका ठिकाणी जायचो तिथं पाय ओढायचे, शेक द्यायचा, झालं. मुलगा पडून राहायचा आणि रडायचा, त्यानं स्वतः असं काही करायचंच नसायचं. मग त्यांनी व्यायामाच्या वेळी अंगात घालायच्या महागड्या थेरपी सूटचा विषय काढला. घातला की चालणारच, अशी खात्री द्यायला लागले. अशी खात्री कुणी दिली की मला भीतीच वाटते.

इथं फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी विचारलं, ‘ताई, घरात त्याचं कुठं अडतं?’ मी म्हटलं, पाटावर जेवायला बसतो, पण उठवायला सासूबाईंना उचलावं लागतं, त्यांची कंबर धरते. त्यांनी तेच कागदावर लिहिलं: पाटावरून स्वतः उठणं. मग पूर्ण तपासणी केली, व्हिडिओ घेतला आणि खुब्याचा एक्स-रे काढून आणायला सांगितलं. सीपीच्या मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तो एक्स-रेत ठरावीक काळानं बघावा लागतो. हे मला इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

‘चालेल का?’ हे मी विचारलंच. त्यांनी गोड बोलून टाळलं नाही. सीपीत हालचालीच्या क्षमतेचे पाच स्तर धरतात, हा तिसऱ्यात आहे, म्हणजे वॉकर किंवा काठी धरून चालणं हे त्याच्यासाठी खरं उद्दिष्ट. स्तर सहसा बदलत नाही, पण त्या स्तरातलं जे जे जमण्यासारखं आहे ते शिकवता येतं. घरी येऊन मी रडले. तरी मला हेच बोलणं हवं होतं.

आता उठायचं कसं शिकवलं ते सांगते. दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर त्याला बसवलं. पावलं गुडघ्यांच्या जरा मागं, टाचा जमिनीला टेकलेल्या. समोर टेबलावर त्याची लाल एसटी. मॅडम काखेत हात घालत नव्हत्या, दोन्ही हात कमरेला, तेही नुसते टेकवलेले. तो पुढं वाकेपर्यंत थांबायच्या. नाक पायाच्या बोटांच्या पुढं गेलं की बूड आपोआप सुटतं. माझा हात सारखा पुढं जायचा आणि त्या शांतपणे म्हणायच्या, ‘थांबा ताई, त्याला करू द्या.’ जमायला लागलं तसा वरचा पाट काढला.

सीपीवरच्या संशोधनातही याच रीतीला बळ मिळालेलं आहे: मुलानं स्वतः हलायचं, त्याला हव्या असलेल्या कामासाठी हलायचं, आणि तेच घरी रोज करायचं. म्हणून पालकांपैकी एकाला आत बसवतात. आमच्या वेळेला एक तेलुगू बोलणाऱ्या आजी नातीला घेऊन यायच्या, त्यांना मॅडम सगळं तेलुगूत समजावायच्या.

उणिवा आहेत. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चालता न येणाऱ्या मुलांना कडेवर घेऊन जिना चढायचा, हे मला पटत नाही आणि मी तसं सांगितलंही. घरच्या व्यायामाचा कागद इंग्रजीत मिळतो, मराठीत मागून घ्या, देतात. शेवटच्या आठवड्यात एका थेरपिस्टकडं दोन-दोन मुलं होती, तेव्हा निम्मा वेळ वाट बघण्यात गेला. दुपारची वेळ घेऊ नका, सोलापूरच्या उन्हात मूल पोचेपर्यंतच गळून जातं. पायात एएफओ (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा प्लास्टिकचा आधार) असेल तर आत सुती मोजा उलटा घाला, शिवण बाहेरून. मी युनिफॉर्म शिवते, शिवण कुठं काचते ते मला कळतं.

फी आम्हाला एकूण चोवीस हजार पडली, दोन हप्त्यांत घेतली. सीपीच्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, आणि तिच्यात थेरपीचाही खर्च बसतो. अपंगत्वाचा दाखला आधी काढून ठेवा.

आज मुलगा एका पाटावरून भिंतीला हात लावून उठतो. दमलेला असला की नाही उठत. वॉकर धरून स्वयंपाकघरातून दारापर्यंत येतो, टाचा अजून थोड्या उचलतात. सासूबाई आता हाताची घडी घालून बसतात, उचलत नाहीत, हेसुद्धा तिथंच शिकल्या. शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन जूनमध्ये उरकला की दुसरा कोर्स घेणार आहोत. त्यासाठी आता ओट्याची पायरी चढणं हे उद्दिष्ट लिहून दिलं आहे.