फ्लाइट बॅग: खिसे सतरा, चेन पाच नंबरची

माझ्या फ्लाइट बॅगेच्या, म्हणजे छोटं विमान उडवायला जाताना हेडसेट-टॅबलेट न्यायच्या बॅगेच्या, मुख्य कप्प्याची चेन गेली. रनर पुढे सरकतो, पण त्याच्या मागे दाते उघडेच राहतात, आणि हेडसेटची वायर त्या फटीतून बाहेर लोंबते. बॅग अजून वॉरंटीत आहे. वॉरंटी चेनला लागू नाही, असं कंपनीचं म्हणणं. म्हणून हा सविस्तर अनुभव.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. शिवाय याच घडणीची बॅग वेगवेगळी लेबलं लावून विकली जाते: काळं ६०० डेनियर पॉलिएस्टर, बाहेर दोन्ही टोकांना हेडसेटचे कप्पे, मध्ये टॅबलेटचा गादीवाला कप्पा, खांद्याचा पट्टा काढता येणारा, आतबाहेर मिळून सतरा खिसे. फोटो पाहिला की ओळखाल. रिकामी १.९ किलो भरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी चेन. कॉइल चेनचा नंबर म्हणजे ढोबळमानाने मिटलेल्या दात्यांची मिलिमीटरमधली रुंदी. बहुतेक रनरच्या पाठीवर तो कोरलेला असतो: ३, ५, ८, १०. या बॅगेत मुख्य कप्प्याला, म्हणजे चारपाच किलोंचा ताण जिथे येतो तिथे, ५ नंबर आहे. आणि पेन ठेवायच्या पुढच्या चपट्या खिशाला ८! कारखान्यात रिळं अदलाबदल झाली असावीत, नाहीतर ग्राहकाची नजर पुढच्या खिशावर जाते हे कुणाला तरी पक्कं ठाऊक असावं.

नुसता नंबर लहान एवढंच नाही. मुख्य चेन तीन बाजूंनी फिरते आणि कोपऱ्यांत जवळजवळ काटकोनात वळते. बॅग फुगलेली असली की त्या वळणावर रनर तिरका ओढला जातो. त्यात एप्रिल-मेमधली बारामती-शिरपूरकडची धूळ. ती कॉइलमध्ये बसते आणि रनरला आतून कानशीसारखी घासते. रनरचे ओठ केसभर फाकले तरी दाते एकमेकांत अडकेनासे होतात. थोडक्यात, बहुतेक वेळा दाते शाबूत असतात, गेलेला असतो तो रनर. लोक चेन गेली म्हणून बॅग फेकतात, आणि दोष असतो दहा-वीस रुपयांच्या रनरमध्ये.

तात्पुरता उपाय: रनर चेनच्या सुरुवातीला, उघड्या टोकाला आणा. ज्या टोकातून दाते मिटून बाहेर पडतात, त्या मागच्या टोकाच्या दोन्ही कडा पकडीने हलक्या दाबा. एक कड थोडी, मग दुसरी तेवढीच, मग चेन लावून पाहा. एका दमात आवळू नका. रनर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असतो, तो वाकत नाही, मोडतो. दाबण्याआधी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात कॉइल घासून पूर्ण वाळवा, वर मेणबत्ती घासा. तेल किंवा डब्यातला स्प्रे मारू नका. चेन त्या दिवशी लोण्यासारखी चालते, पण नंतर तेलाला धूळ चिकटून महिनाभरात आधीपेक्षा वाईट होते. दाबलेला रनर काही आठवडे तग धरतो, मग पुन्हा तेच.

कंपनीशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात. पहिलं उत्तर: वॉरंटी शिलाईवर आहे, चेन हा झिजणारा भाग. दुसरं: बॅग स्वखर्चाने पाठवा, तपासून कळवू. तिसरं: वजन जास्त भरल्यामुळे असं झालं. आता बॅगेच्याच चिठ्ठीवर १२ किलो क्षमता छापलेली आहे, आणि आत त्याच्या निम्मंही वजन नव्हतं. हे फोटोसकट विचारल्यावर नव्या बॅगेवर सवलतीचं कूपन आलं. नव्या बॅगेला चेन किती नंबरची, याचं उत्तर आलेलं नाही.

त्या १.९ किलोंकडे वळू. सेस्ना १५२ या छोट्या दोन सीटच्या विमानावर उडणाऱ्यांना हे पटकन कळेल. कमाल टेकऑफ वजन ७५७ किलो. रिकामं विमान ५२० च्या आसपास धरा. खरा आकडा त्या त्या विमानाच्या वजनपत्रकात बघा. ८० किलोची दोन माणसं १६०. वापरता येणारं पूर्ण इंधन साधारण ९३ लिटर, म्हणजे ६७ किलो. बेरीज ७४७. उरले १० किलो, त्यात दोघांच्या बॅगा. सामानाच्या जागेची मर्यादा ५४ किलो आहे म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही, कारण एकूण वजन त्याच्या कितीतरी आधी संपतं. बॅगेतले फालतू तीन किलो म्हणजे सुमारे चार लिटर अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल), आणि ताशी २२-२३ लिटरच्या खपाने दहा-अकरा मिनिटांचं उड्डाण. लोडशीटमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या वजनाच्या हिशोबात, ‘बॅग: ०’ लिहिणारे बरेच दिसतात. बॅग एकदा स्प्रिंगकाट्यावर टांगा आणि आलेला आकडा पट्ट्यावर मार्करने लिहून ठेवा, वाद संपला.

खिसे सतरा असले की माणूस ते भरतो. खरं लागतं ते इतकंच: हेडसेट, नीबोर्ड (मांडीवर बांधायची लिहायची पाटी), टॅबलेट, पॉवर बँक आणि वायर, इंधन तपासायचा पारदर्शक कप, छोटी टॉर्च, दोन पेनं आणि एक पेन्सिल, एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) घालायचं चमकदार जॅकेट, पाणी, दोन उलटीच्या पिशव्या. कागदांत लायसन्स, एफआरटीओएल (विमानातला रेडिओ वापरायचा परवाना), मेडिकल आणि विमानतळाचा पास. हे सगळं मिळून चार किलोंच्या आत बसतं. लॉगबुक मी त्यात धरलेलं नाही. ते रोज बॅगेतून फिरवू नका. बॅग रिक्षात राहिली तर हेडसेट पैशाने परत येतो, शेकडो तासांच्या सह्या येत नाहीत. नोंद करायची तेव्हा न्या आणि दर पानाचा फोटो काढून ठेवा.

बाजूला हँडहेल्ड रेडिओसाठी खास खोबण आहे. जाहिरातीत तिचं फार कौतुक. आपल्याकडे एअरबँडचा, म्हणजे विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारा, हँडहेल्ड बाळगायला परवाना लागतो, त्यामुळे बहुतेकांची ती खोबण रिकामीच राहते. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली मात्र तिच्यात चपखल बसते, तेव्हा ती वाया गेली असं म्हणवत नाही.

इंधनाच्या कपासाठी वेगळा खिसा हवाच, आणि या बॅगेत तो नाही. कप कितीही झटकला तरी तळाला थेंब राहतो. १०० एलएलमध्ये, म्हणजे या विमानांच्या पेट्रोलमध्ये, शिसं असतं, आणि तो वास टॅबलेटच्या कव्हरमध्ये, डब्यातल्या पोळीतही शिरतो. जाळीचा छोटा पाऊच बाहेरच्या कडीला अडकवा, कप त्यात उलटा ठेवा, वारा लागला की सुकतो. बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालणं उलट वाईट, वाफ आतच कोंडते. आणि एअरलाइनने कुठे जाणार असाल तर कप घरी ठेवा. इंधनाचा वास येणारी वस्तू सुरक्षा तपासणीत अडवतात, हँडबॅगेत असो की चेक-इनमध्ये. पॉवर बँक मात्र हँडबॅगेतच.

हेडसेटचे कप्पे या बॅगेचा खरा गुण. गादी जाड आहे, आकार मोठा आहे, डेव्हिड क्लार्कसारखा रुंद हेडसेट माइकचा दांडा न दुमडता आत जातो. फक्त माइक आतल्या बाजूला वळवून ठेवा आणि जेलच्या कानगाद्या एकमेकींवर दाबून ठेवू नका, उन्हात त्या चपट्या होतात. दोन प्लग सुटे आपटू देऊ नका. जाड ६.३५ मिमीचा ऐकण्याचा आणि त्याहून बारीक माइकचा, दोन्ही पितळी टोकं टॅबलेटच्या काचेवर ओरखडे पाडतात. जुना सुती मोजा दोन्हींवर चढवायचा, खर्च शून्य. नॉइज कॅन्सलिंगवाला हेडसेट असेल तर पावसाळ्यात उड्डाणं थांबली की सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळले की कंट्रोल बॉक्सचे संपर्क हिरवे होतात, आणि तो बॉक्स या अख्ख्या बॅगेपेक्षा महाग असतो.

टॅबलेटचा कप्पा मऊ आहे, पण तो बॅगेच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे आणि कापड काळं आहे. आयपॅडची वापराची मर्यादा ३५ अंशांपर्यंत, ठेवण्याची ४५ पर्यंत. मे महिन्यात एप्रनवर उभ्या विमानात काचेखाली ठेवलेली काळी बॅग तिथवर सहज पोचते. मग नेमकं टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, पडद्यावर तापमानाचा इशारा येतो आणि चार्ट गायब. टॅबलेट बॅगेच्या मधल्या कप्प्यात, जॅकेटच्या घडीत ठेवा. फ्रिजच्या थंड पॅकची शक्कल लढवू नका, आतून दव धरतं. छापलेला मार्ग आणि फ्रिक्वेन्सी नीबोर्डवर असू द्याच.

खांद्याचा पट्टा. याला नट्टापट्टा समजत होतो तसं ते नाही, धोका आहे. सेस्नाची सीट रुळावर सरकते आणि एक पिन रुळाच्या भोकात बसून तिला अडवते. पट्ट्याचा फास किंवा त्याची प्लास्टिकची कडी रुळावर आली की पिन पूर्ण बसत नाही. बसल्यासारखी वाटते, आणि टेकऑफच्या धावेत सीट मागे सरकते. पाय रडरच्या पेडलपासून सुटतात, हात योक (विमानाचं नाक वर-खाली करायचं हँडल) धरून मागे येतात. या रूळ-पिनेसाठी एफएए या अमेरिकन विमान नियामक संस्थेने वेगळा वायुयोग्यता आदेश काढलेला आहे, २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली. म्हणून विमानात चढण्याआधी पट्टा काढून बॅगेत घाला, आणि सीट लावल्यावर मागेपुढे जोराने हलवून पाहा. या बॅगेच्या पट्ट्याच्या कड्या धातूच्या आहेत, एका हाताने निघतात. इथे पूर्ण गुण.

बॅग ठेवायची कुठे? एकटे असाल तर उजव्या सीटवर, हँडलमधून सीटबेल्ट ओवून आणि आवळून. पण ही बॅग ३० सेंमी उंच आहे आणि सीट पुढे असेल तर उजवा योक मागे येताना तिला टेकतो. टॅक्सीआधी योक पूर्ण मागे, पूर्ण डावीउजवीकडे फिरवून बघायचा तो त्यासाठीही. दोन सीटच्या मधे जमिनीवर कधीच नको. तिथे १५२ मध्ये इंधनाचा बंद-चालू व्हॉल्व्ह आहे, चार सीटच्या सेस्ना १७२ मध्ये टाकी निवडायचा खटका. पायाखाली तर नकोच, रडर पेडलच्या मागे पेन घरंगळलं तरी पुरे होतं. बॅगेच्या पुढच्या झाकणपट्टीला चुंबकाचं बटण आहे. सीटवर असताना त्याने काही होत नाही, पण बॅग डॅशबोर्डवर टेकवली तर कंपासची तबकडी हललेली दिसते. खात्री हवी तर विमान जमिनीवर उभं असताना करून बघा.

दुरुस्तीनंतरचं मत. रविवार पेठेत बॅग दुरुस्तीवाल्याकडून मुख्य चेन पूर्ण बदलून घेतली. नुसता रनर बदलला असता तरी चाललं असतं, पण ५ नंबरच्या कॉइलवर ५ चाच रनर बसतो, आणि मूळ दुखणं तेच राहतं. त्याला सांगायचं ते असं: ८ नंबर कॉइल, तोंडाला तोंड लावलेले दोन रनर, कोपरे थोडे गोल करून, आणि टोकांना दुहेरी टाके. आतलं अस्तर उसवावं लागतं, म्हणून मजुरी चेनपेक्षा जास्त पडते. दोन्ही मिळून बॅगेच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. त्यानंतर मात्र बॅग आवडायला लागली. वर लिहिलेला राग कंपनीवर कायम आहे, बॅगेवर नाही.

नवी घेणाऱ्यांनी ‘पायलट’ शब्दाचे पैसे मोजायची गरज नाही. कॅमेऱ्याची साधी खांद्याची बॅग, आतून साधारण ३५ × २० × २५ सेंमी, रिकामी किलोभराच्या आत, चार-पाच खिसे, मुख्य चेन ८ किंवा १०. तिच्यात एक हेडसेट आणि वरची यादी बसते, आणि ती १७२ च्या मागच्या सीटवर बेल्टखाली छान दबून राहते. ब्राइटलाइनसारख्या जोडत जायच्या बॅगा चांगल्या कल्पनेच्या आहेत, पण परदेशातून मागवताना कस्टम धरलं की नाकापेक्षा मोती जड. दुकानात खिसे मोजू नका. रनर उलटा करून नंबर वाचा, आत दोन-तीन किलो काहीतरी भरा, आणि चेन कोपऱ्यातून एका हाताने फिरवा. अडखळली तर ठेवून द्या.

पावसाळ्यानंतरची भर: आतलं पीयू कोटिंग तळाशी चिकट होऊन पापुद्रे सुटायला लागले आहेत. कोकण-मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं, कपाटात बंद ठेवलेल्या बॅगेचं तर आणखी लवकर. धुऊन ते सुधारत नाही, उलट पापुद्रे हेडसेटच्या फोमला चिकटतात. मऊ ब्रशने सुटेल तेवढं काढून टाकायचं आणि तळाला रेक्झिनचा तुकडा शिवून घ्यायचा. कोटिंग गेल्यावर बॅग पावसात गळणार, पण तसल्या पावसात व्हीएफआर, म्हणजे नजरेने बाहेर बघत करायचं, उड्डाण कुठे होतंय.